बाबा, ताठ चालू नका

नागपूर,
सोमवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई "बरं हाये" म्हणून बाबांकडे देते, बाबा "बरं हाये" म्हणून ठेवून देतात. म्हणून हे पत्र. पिंटूकडून वाचून घ्या, मधलं काही गाळू देऊ नका.

बाबा, आधी माझी चूक. दोन वर्षं झाली, घरी आलो की मी तुमच्या मागे लागतो, "वाकू नका, ताठ चाला, वाकल्यानंच संधिवात वाढतो." पोरगा दवाखान्यात एक्स-रे काढतो म्हणून तुम्हीही ऐकून घेता. या दिवाळीत तुमच्यासोबत वावरात आलो तेव्हा नीट पाहिलं. मोकळ्या हातांनी नाल्यापर्यंत चाललात की पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात. धुऱ्यावर बसलात की पाच मिनिटांत पुन्हा मोकळे. आणि तेच तुम्ही सायकलच्या हँडलवर रेलून, ती ढकलत, पऱ्हाटीच्या पार पलीकडे न थांबता जाता. दिवसभर मी लोकांच्या मणक्यांचे फोटो काढतो, आणि घरच्या माणसाची चाल मला दिसली नाही.

इथल्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कमरेत नसा दबत असाव्यात, तपासून पाहू. वयानं मणक्यांमधल्या गाद्या सुकतात, चपट्या होतात. मग मणक्याला मणका जोडणारे मागचे बारके सांधे जास्त भार घेतात. तेही गुडघ्यासारखेच झिजतात, हाड वाढतं आणि नसांची वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी उघडते. म्हणजे तुम्ही वाकता ते सांध्यांच्या दुखण्यावर अंगानं आपणच काढलेला तोडगा, आणि मी तोच मोडायला निघालो होतो.

तोडगा फुकटचा नाही, हेही खरं. कमरेतून पुढे झुकलेला माणूस तोल सांभाळायला गुडघे थोडे वाकवूनच चालतो. मांडीच्या स्नायूंना विसावा मिळत नाही, गुडघ्याची वाटी दाबली जाते. तुमचा उजवा गुडघा आणि कंबर आपण वेगळी दुखणी समजत आलो, पण मला ती एकाच दोरीला बांधलेली वाटतात. म्हणून काठी घ्या, आणि डाव्या हातात घ्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली तर भार जास्त कमी होतो. (म्हातारं झाल्यासारखं वाटतं म्हणून काठी नको, असं म्हणाल. मग सायकल न्या, मला चालेल.) पोट कमी करा हे सांगून मी थकलो, पण वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो. आणि तालुक्याला तुमच्या गुडघ्याचा एक्स-रे झोपवून काढला होता, तो माझ्या मते फारसा कामाचा नाही. उभं राहून अंगाचा भार दिल्यावरच सांध्यातली खरी फट दिसते.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा पाय लुळा पडला, तर माझी वाट पाहू नका. त्याच घडीला गाडी करा.

आता आई. तुझं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय, कापूस वेचून वेचून झालं. कंबर धरते ती त्यानंच, कापसाची ओटी भरेपर्यंत वाकून राहतेस. अर्धी झाली की रिकामी करत जा. पण हाताची बोटं? दिवाळीत सकाळी तुला करंजीची मुरड घालता येईना. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं सुजलेली, आणि ऊन अंगणात येईपर्यंत मूठ वळत नव्हती. झिजेचा संधिवात सकाळी साधारण अर्ध्या तासात सुटतो. तासाच्या वर आखडलेलं राहणं, दोन्ही हात सारखेच सुजणं, हा दुसरा संधिवात असू शकतो. त्यात अंगाची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. तो वाकल्यानं होत नाही आणि ताठ बसल्यानं जातही नाही. रक्त तपासून औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात, उशीर झाला की बोटं वाकडी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत. म्हणून "वेचणी आटोपू दे, मग पाहू" हे मी ऐकणार नाही. फरदडीचा, शेवटचा कापूस काय, पुढच्याही साली येईल.

बाजारातून आणतेस त्या बिननावाच्या पुडीबद्दल मी तिथे काही बोललो नाही, बाबांसमोर वाद नको म्हणून. घेतली की दोन तासांत हात मोकळे होतात म्हणतेस, त्याचीच मला भीती वाटते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. महिनोन् महिने पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात, मणका पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा होतो. मग पाठीला जो बाक येतो तो काही केल्या सरळ होत नाही. असे फोटो मी आठवड्यातून दोन-तीन तरी काढतो, बहुतेक तुझ्याच वयाच्या बायांचे.

शनिवारी पहिल्या एसटीनं येतो. सोमवारी दोघांनाही सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणार, बैलांचं चारापाणी शेजारच्या काकांना सांगून ठेवा. आई, उरलेल्या पुड्या फेकू नको, आणि मी येईपर्यंत एकदम बंदही करू नको. स्टेरॉईड असेल तर अचानक सोडणं धोक्याचं असतं. कागदासकट पिशवीत घालून ठेव, डॉक्टरांना दाखवायच्या आहेत.

तुमचा,
बाळू