‘मोठा न होणारा’ ससा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात रस्त्याकडेला तारेच्या पिंजऱ्यांतून सशाची पिल्ले विकायला येतात. विक्रेते त्यांना ‘मिनी’ किंवा ‘ड्वार्फ’ म्हणतात आणि ‘हे एवढेच राहतात, मोठे होत नाहीत’ अशी खात्री देतात. त्या एका वाक्याविषयीच मला लिहायचे आहे, कारण दोन वर्षांपूर्वी त्यावर विश्वास ठेवून मी माझ्या नातवासाठी ६०० रुपयांना पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या पिल्लांची जोडी घेतली होती. दोन्ही माद्याच आहेत, असेही मला सांगण्यात आले होते. सहा महिन्यांनी त्यातील एकाचे वजन किराणा दुकानाच्या काट्यावर साडेतीन किलो भरले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरीने स्वतःच्या छातीचे केस उपटून पलंगाखाली घरटे केले, तेव्हा दोन्ही गोष्टींचा उलगडा एकदमच झाला.

खऱ्या लहान जाती नाहीत असे नव्हे. नेदरलँड ड्वार्फ ही सर्वांत लहान जातींपैकी एक असून तिचे पूर्ण वाढीचे वजन जेमतेम एक किलोच्या आसपास असते. डोके गोल आणि कान साधारण पाच सेंटिमीटरचे, ताठ उभे. कान खाली पडलेला हॉलंड लॉप १९६४ मध्ये नेदरलँड्समध्ये जात म्हणून मान्य झाला आणि तो पावणेदोन किलोंच्या घरात राहतो. आपल्याकडे पिंजऱ्यांत दिसणारी पांढरी पिल्ले मात्र बहुधा न्यूझीलंड व्हाइटची किंवा तिच्या संकराची असतात. ही मुळात मांसासाठी वाढवली जाणारी जात असून ती चार ते पाच किलोंपर्यंत जाते. तीन आठवड्यांचे पिल्लू कोणत्याही जातीचे असले तरी त्याचे कान आखूड, डोके मोठे आणि अंग तळहातावर मावेल एवढेच असते, आणि विक्रेत्याचा सगळा व्यवहार या साम्यावर चालतो.

येथे किमतीचा मुद्दा मला सर्वांत बोलका वाटतो. बटू सशांचे बुटकेपण एका जनुकामुळे येते. त्या जनुकाची एक प्रत असलेला ससा लहान आणि निरोगी राहतो, पण आई आणि वडील दोघांकडून ती प्रत आलेले पिल्लू जन्मतःच अतिशय खुरटे असते आणि काही दिवसांतच दगावते. दोन खऱ्या बटूंच्या संगमातून सरासरी चारात एक पिल्लू असे जाते, दुसरे एक पिल्लू ते जनुक न मिळाल्यामुळे मोठ्या अंगाचे निघते आणि उरलेली दोन खरी बटू निपजतात. शिवाय त्यांची वेतेही लहान असतात. असे ससे टोपलीभर आणि तेही ३०० रुपयांना एक या भावाने विकणे कोणाला परवडणार, हा हिशेब मी खरेदीपूर्वी केला असता तर पलंगाखालचे घरटे पाहण्याची वेळ आली नसती.

फसवणूक पैशांपुरती असती तर मी पत्राचा खटाटोप केला नसता. पिल्लू लहान दिसावे म्हणून ते फार लवकर आईपासून तोडले जाते. सशाच्या पिल्लाला किमान सहा आणि शक्यतो आठ आठवडे आईजवळ ठेवावे लागते, कारण तोपर्यंत त्याचे आतडे चाऱ्याला सरावलेले नसते आणि जंतूंपासूनचे संरक्षण बरेचसे दुधातूनच मिळत असते. घरी आणल्यावर चार-सहा दिवसांत हगवण लागून पिल्लू मेल्याच्या ज्या हकिगती आपण ऐकतो, त्यांचे एक मोठे कारण हेच आहे. गाजर आणि कोबीचा मारा हे दुसरे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजण्यासाठी, तसेच आतडे चालू राहण्यासाठी त्याला मुख्यतः गवतच लागते. परदेशी टिमोथी गवताची महाग पाकिटे घेणे प्रत्येकाला शक्य नाही, परंतु औषध न फवारलेल्या बांधावरची हरळी आणि सावलीत वाळवलेले गवत आपल्या भागात सहज मिळते. भाताचे पिंजर अंथरायला उत्तम. त्यावरच पोट भरावे एवढे सत्त्व त्यात नसते. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल, तर उद्यापर्यंत वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

औषधांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला मारक ठरते आणि माणसांच्या घरात पडून असलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन तो दगावू शकतो. गायी-म्हशींवर उपचार करण्यात हयात गेलेल्या डॉक्टरांकडे ससा क्वचितच येतो, म्हणून ही माहिती पाळणाऱ्याला असणे बरे. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत, ते दिवसही आता राहिले नाहीत. ससा घामावाटे अंग थंड करू शकत नाही, त्याची उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते आणि तिशीपलीकडच्या तापमानात तो संकटात सापडतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली पिंजरा ठेवणे म्हणजे भट्टीत ठेवणेच होय. आम्ही जुनी मंगलोरी कौले, ओले गोणपाट आणि फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली यांवर उन्हाळा काढतो.

ससे नकोसे झाल्यावर ‘व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत नाहीतर खानापूरच्या रानात सोडून द्या’ असा सल्ला मला एकाहून अधिक शहाण्या माणसांनी दिला. आपल्या रानातला ससा वेगळ्याच प्रजातीचा आहे. त्याची पिल्ले जन्मतः केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात, तर पाळीव सशाची बिनकेसांची आणि मिटल्या डोळ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा झाडीत सोडला, तर पहिल्या रात्रीच तो कुत्र्यांच्या तोंडी जातो.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे २०१८ चे नियम आहेत. त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय विक्री करता येत नाही, आणि आठवडी बाजारातील विक्रीची जागाही त्या व्याख्येत येते. त्यामुळे महापालिका आणि पशुसंगोपन खाते यांनी मिळून निदान एवढे करावे की प्रत्येक पिंजऱ्यावर पिल्लाची जन्मतारीख, जात आणि पूर्ण वाढीचे वजन या तीन गोष्टी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लिहिलेल्या असल्याशिवाय विक्री होऊ नये. आपल्याकडे फलकावरील भाषेवरून पुष्कळ वाद होतात. सशाच्या वजनाचा आकडा दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नसावी.

आमच्या घरच्या वेतातील पाच पिल्ले आठ आठवड्यांनंतर ओळखीच्या घरी गेली. नराचे खच्चीकरण करून घेतल्यामुळे जोडी आता एकत्रच राहते. ससा आठ-दहा वर्षे जगतो, म्हणजे नातू कॉलेजात जाईपर्यंत रोज सकाळी हरळी आणायला बांधावर मलाच जावे लागणार आहे.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव