जुनी वेदी काढण्याआधी परिषदेचा दस्तऐवज वाचा

संपादक महोदय,

कॅथेड्रलांकडे जगाचे लक्ष असते. पॅरिसच्या नोत्र दामला २०१९ मध्ये आग लागली आणि देशोदेशींहून मदत आली. धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या स्थानिक ख्रिस्ती समुदायाच्या) साध्या चर्चच्या वाट्याला हे येत नाही. त्याची हानी हळूहळू होते, तीही बहुधा आपल्याच माणसांच्या हातून, ‘नूतनीकरण’ या नावाने.

कोरीव लाकडी वेदी उखडायची, प्रवचनपीठ अडगळीत टाकायचे आणि कोणी विचारले की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे (कॅथलिक चर्चच्या जगभरातील बिशपांच्या सभेचे) नाव पुढे करायचे, हे मला फार खटकते. परिषदेने असे सांगितलेलेच नाही. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचे १२६ वे कलम पाहावे. चर्चमधील मौल्यवान वस्तू व कलाकृती हातच्या जाऊ नयेत, विखुरल्या जाऊ नयेत, याची काळजी बिशपांनी घ्यावी, असेच ते बजावते. लोकांकडे तोंड करून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करायची तर पुढे वेगळी वेदी मांडता येते. मागची आपल्या जागी राहू शकते. कित्येक चर्चमध्ये ती तशी आहेही.

भिंतींचे दुखणे याहून गंभीर. जुने दगडी बांधकाम बहुधा चुन्यातले असते. चुना ओल धरतो, तशी बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून भिंत नवीकोरी दिसते, म्हणून कित्येक वर्षे कोणाला कळतही नाही.

हे बांधणारे कारागीर कच्चे नव्हते. फिलिपिन्समध्ये पावाय येथे १७१० मध्ये पूर्ण झालेल्या चर्चला भूकंपाचे हादरे सोसण्यासाठी बाहेरून भक्कम आधारभिंती दिल्या आहेत. चिलीतील चिलोए बेटांवर होड्या बांधणाऱ्यांचे कसब लाकडी चर्चमध्ये उतरले. त्यांतली १६ चर्च २००० पासून जागतिक वारसा यादीत आहेत. असे शहाणपण प्रत्येक चर्चच्या भिंतीत, छपरात असू शकते. ते ओळखायला जाणते डोळे लागतात. १९८३ च्या कॅनन कायद्याचे (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याचे) १२१६ वे कलमही बांधकाम व दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला विचारात घ्यायला सांगते. ठेकेदाराचे अंदाजपत्रक म्हणजे तो सल्ला नव्हे.

धर्मगुरूंना आणि धर्मग्राम समित्यांना कळकळीची विनंती आहे: काम काढण्यापूर्वी वास्तूची मोजमापे, छायाचित्रे आणि वस्तूंची यादी करून ठेवा, वारसा-संवर्धन जाणणाऱ्या वास्तुविशारदाला बोलवा आणि त्याचा अहवाल सगळ्या धर्मग्रामस्थांसमोर वाचा.

आपला,
एक वाचक