सील कोरडं दिसलं तरी बदला

महोदय,

आपल्या वाहनविषयक सदरात एका वाचकाला सल्ला दिला आहे, की टायमिंग बेल्ट बदलताना क्रँकचं पुढचं ऑइल सील गळत नसेल तर त्याला हात लावू नका, उगाच खर्च वाढतो. (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा, आणि टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकवरून कॅमला फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. सील म्हणजे क्रँक इंजिनाबाहेर येते तिथे तेल अडवणारी कडी.) 26 वर्षं इंजिनं उघडतोय, म्हणून हे वाचून गप्प बसवेना. नेमका हाच सल्ला मीही एकदा गिऱ्हाइकाला दिला होता.

बेल्ट बदलायचा होता. क्रँक पुली उतरवली, खालचं कव्हर काढलं, सीलभोवती बोट फिरवलं. कोरडं. गिऱ्हाईक घाईत आणि खरं सांगायचं तर मीही. आठ महिन्यांनी गाडी परत आली ती जळक्या तेलाच्या वासासकट. कव्हर उघडलं तर बेल्ट काळा, चकचकीत, दाबला की मऊ लागणारा. तेलाने रबर फुगतं आणि दात मुळापासून सुटायला लागतात. (मुद्दाम तेलातच फिरणारे बेल्ट असतात, पण ते वेगळ्या रबराचे.) नवाकोरा बेल्ट भंगारात आणि सगळी मजुरी माझ्या अंगावर. सील बदलायला जे जे उतरवावं लागतं, ते सगळं पहिल्यांदाच माझ्यापुढे उतरवून पडलं होतं. खर्च वाढतो तो पुन्हा उघडावं लागतं म्हणून, सीलमुळे नाही.

सदर लिहिणाऱ्यांची एक धास्ती मात्र रास्त आहे. चुकीच्या हाताने सील काढलं तर न गळणारं इंजिन गळायला लागतं. शिकाऊ असताना मी पेचकस घालून सील उचकटलं आणि क्रँकच्या गुळगुळीत भागावर चरा पाडला. डोळ्याला दिसेना, पण नख फिरवलं की अडकायचं. त्या चऱ्यातून नवं सीलही पाझरलं. तेव्हापासून सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडून स्क्रू बसवतो आणि स्क्रू पकडून ओढतो, हत्यार क्रँकला लागूच देत नाही.

जुन्या सीलच्या कडेने क्रँकवर खाचच पडली असेल, तर जागा असेल तिथे नवं सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवावं, नाहीतर क्रँकवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवावी. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. रबराच्या कडेला इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं. टेफ्लॉनची कडा असेल तर मात्र बहुतेक कंपन्या कोरडीच बसवायला सांगतात, आणि तिथे सवयीने तेल लावणारे मी पाहिलेत. सील सरळ आत जायला हवं, म्हणून त्याच्या बाहेरच्या मापाची नळी लावून हलक्या हाताने ठोकायचं. एकाच बाजूला हातोडी मारली की ते तिरकं बसतं. आणि चांगलं बसवलेलं सील वारंवार गळत असेल तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, बघा. तो तुंबला की आतला दाब तेलाला कुठून तरी वाट करून देतोच.

एवढं झाल्यावर खरी परीक्षा टायमिंगची, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसवण्याची. क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा, म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दात. क्रँकला 20 दात असतील तर एक दात चुकला म्हणजे 18 अंशांची चूक. तेवढ्याने इंजिन चालू होतंही, पण ओढत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे आणखी काही दात चुकले तर व्हॉल्व्ह वाकून हेड उतरवण्याची वेळ येते.

मार्क, म्हणजे गिअरवरच्या आणि इंजिनावरच्या खुणा, जुळवताना टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) समोरची बेल्टची बाजू ताठ हवी, ढील सगळी टेन्शनरकडे. माझ्याकडूनच एकदा उलटं झालं. मार्क जुळलेले दिसत होते, टेन्शनरची पिन काढल्यावर कॅम किंचित हलला तेही लक्षात आलं नाही. वाचलो ते सवयीने. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन फिरायच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे दिले, मार्क पाहिले तर एक दात मागे. पुन्हा उतरवलं. फिरवताना मध्येच घट्ट अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. बेल्टऐवजी टायमिंग चेन असेल तर तिला रंगीत कड्या असतात, त्या दोन फेऱ्यांनंतर मार्कसमोर येत नाहीत म्हणून पोरं घाबरतात. तिथे गिअरवरचे मार्क पाहायचे.

पुलीचा बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळावा. काही इंजिनांत क्रँकच्या गिअरला चावी (गिअर दांड्यावर घसरू न देणारा धातूचा तुकडा) नसते, बोल्टच्या दाबावरच तो धरलेला असतो. तिथे बोल्ट ढिला म्हणजे टायमिंग सरकलं. बऱ्याच ठिकाणी हा बोल्ट एकदा काढला की नवाच घालायचा असतो.

आपण पुढच्या अंकात त्या उत्तरात दुरुस्ती करावी, आणि गाडी चालू करायला चावी फिरवण्याआधी क्रँकला हाताने दोन फेरे द्यावेत ही ओळही जोडावी. तो फुगलेला बेल्ट मी खिळ्याला टांगून ठेवलाय. 'सील कोरडं आहे, राहू द्या' असं कुणी म्हणालं, की काढून त्याच्या हातात देतो.

आपला,
एक वाचक, धंद्याने मेकॅनिक