नानांची शोकसभा

बडोदे, रविवार

प्रिय मित्रा,

दिवाळीनंतर तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. रागावला असशील, रागव. माझं बीपी गोळीवर आहे, हिचा गुडघा तसाच आहे. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नाना गेले हे कळलंच असेल. मंगळवारी शोकसभा झाली, आपल्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये, जिथे माझं भाषण चोरून तू वक्तृत्वात पहिला आला होतास. (चोरलंच होतंस. मी मरेपर्यंत हेच म्हणणार.) फोटोला चंदनाचा हार, उदबत्ती, माइकची तीच शिट्टी. खुर्च्या कमी पडल्या, माणसं जिन्यात उभी होती. मला ऐनवेळी बोलायला उभं केलं. मराठी शाळा बंद पडू नये म्हणून नानांनी किती उंबरे झिजवले ते सांगितलं. विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून खिचडीचे डबे पोचवले, ते सांगितलं. (तू ओंडक्याला मगर समजून नानांच्या पाठीवर चढला होतास, ते गाळलं.) किती पोरांची फी गुपचूप भरली तेही सांगितलं, त्यात एक टर्म माझी होती. इथवर एक शब्द खोटा नव्हता. शेवटी म्हणालो, "नानांच्या दारातून कोणी कधी विन्मुख गेलं नाही."

आणि मान वर केली, तर शेवटच्या रांगेत पंख्याखाली तबलजी बसला होता.

त्याने काहीच केलं नाही. मांडीवरची शाल उलगडली आणि पुन्हा घडी घातली, काठाला काठ जुळवून. सभा संपल्यावर फोटोला फूल वाहिलं, मला म्हणाला, "बरं बोललास," आणि चहा न घेता गेला. तेव्हापासून ती शाल डोळ्यांसमोरून हलत नाही.

वाड्यातली ती रात्र तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? नानांना तबलजीची जात कळली आणि रात्री अकरा वाजता त्याची पत्र्याची ट्रंक अंगणात आली. कडी तुटली होती, तू सुतळीने बांधलीस. माझ्या कॅरिअरवर ट्रंक, तुझ्या खांद्याला तबला आणि त्याने छातीशी धरलेला डग्गा, स्वतःचा सदरा काढून झाकलेला, कारण पाऊस होता. दांडिया बाजारापासून काळ्या घोड्यापर्यंत कोणी बोललं नाही. कमाटीबागेच्या फाटकाशी तो थांबला आणि म्हणाला, "बाबासाहेब इथंच बसले होते." बडोद्यात जन्मून आपल्याला हे माहीत नव्हतं, मित्रा. आपल्याला फक्त सयाजीरावांची शिष्यवृत्ती माहीत होती: १९१३, दरमहा ११.५ पौंड, कोलंबिया विद्यापीठ. १९१७ मध्ये तेच बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी परत आले, तेव्हा या शहरात त्यांना खोली मिळाली नाही, हे कुठल्या भाषणात ऐकलं होतं आपण? पारशी सराईत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले, बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय सगळं. आता मी नातीला बागेत नेतो तेव्हा दोन्ही गोष्टी सांगतो. काळ्या घोड्यावरचे महाराज तिला त्यामुळे छोटे वाटत नाहीत. ती फक्त विचारते, "मग महाराजांनी खोली का नाही दिली?" विचारू दे की.

सभेत एकजण "मरणान्तानि वैराणि" म्हणाले, म्हणजे मरणाबरोबर वैर संपतं. रामाने हे बिभीषणाला सांगितलं ते रावणाचा अंत्यसंस्कार कर म्हणून. सीतेला पळवलंच नव्हतं असं म्हण, असं नाही सांगितलं. आपल्याकडे मात्र मेलेल्या म्हशीला मणभर दूध! आणि ते दूध पाजायचं कोणाला, तर जो उपाशी गेला त्यालाच, शेवटच्या रांगेत बसवून.

गोखले १९१५ मध्ये गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून उतरून आले आणि स्मशानात त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणाले. ते शोभलं, कारण टिळकांनी केसरीतून गोखल्यांना वर्षानुवर्षं तोंडावर सुनावलं होतं. आपण नानांना काय सुनावलं? पुढच्याच महिन्यात त्यांच्या गणपतीला मोदक खाल्ले. तू अकरा. जिवंतपणी एकदा बोललो असतो, तर मंगळवारी गप्प राहायचा हक्क होता मला.

तू म्हणशील, काकूंचा विचार कर. नेहमी मला असंच अडवतोस, आणीबाणीतही अडवलं होतंस, आणि तेव्हा तू चुकला होतास. पण या वेळी तुझं म्हणणं मलाही टोचतंय. काकू ८४ वर्षांच्या आहेत. त्या रात्री मागच्या दाराने पोळ्यांचं पुडकं त्यांनीच त्याच्या हातात दिलं होतं, तोंडातून चकार शब्द न काढता. त्यांना माहीत नसलेलं काहीच मी लिहिणार नाही. तेराव्याच्या आत बोलणं मलाही नको वाटतं. पण तेराव्यानंतर कधी? वर्षश्राद्धाला पुन्हा शाळा आणि खिचडीच.

मंडळ स्मरणिका काढतंय, माझ्याकडे चार पानं मागितलीत. तीन लिहून झाली, शाळेची, पुराची, फीची, मनापासून. चौथ्यावर ट्रंक आहे. काल ते पान घेऊन तबलजीकडे गेलो. त्याच्या नावाने त्याला न विचारता काही छापणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाला, "सुतळी नव्हती, त्याच्या पायजम्याची नाडी होती." मग आम्ही दोघं इतके हसलो की वहिनी बाहेर आल्या. हसू ओसरल्यावर म्हणाला, "माझं नाव घाल. पूर्ण घाल."

लेकीचं ठरलं हे ऐकून फार आनंद झाला, तारीख कळव, आम्ही दोघं येतोच. मोतीबिंदूचं लांबवू नकोस. पुण्यातला फ्लॅट विकलास की नाही?

पान सोबत पाठवतोय. नाडीची दुरुस्ती केली आहे. त्यात तुझंही नाव आहे, ट्रंकेपाशी आणि मोदकांपाशी, दोन्हीकडे. ठेवू की काढू ते पंधरा दिवसांत कळव, मजकूर त्यानंतर छापखान्यात जाईल. माझं दोन्हीकडे ठेवलंय.

तुझाच