बाबा, ते युद्ध नेमके किती वर्षे चालले?

आर्लिंग्टन, व्हर्जिनिया
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले होते, की अमेरिकेचे व्हिएतनामचे युद्ध नेमके किती वर्षे चालले. पारावरच्या पेन्शनर मंडळींत त्यावरून वाद झाला, एकाने आठ-साडेआठ वर्षे सांगितली, दुसऱ्याने वीस, आणि बाबांनी ‘लेक तिथेच राहते, तिला विचारतो’ असे म्हणून वाद तहकूब केला. मी ‘बघून सांगते’ म्हणाले खरी, पण आठवडाभर वाचल्यावर आणि काल प्रत्यक्ष स्मारकाशी जाऊन आल्यावर लक्षात आले, की पारावरचे दोघेही बरोबर आहेत आणि ते का बरोबर आहेत हे फोनवर सांगून होणार नाही. म्हणून हे पत्र.

शेवटाबद्दल फारसा वाद नाही. २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये करार झाला, लढणाऱ्या अमेरिकी सैन्याची शेवटची तुकडी २९ मार्चला परत निघाली आणि ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. घोळ आहे तो सुरुवातीचा, कारण हे युद्ध रीतसर कधी पुकारलेच गेले नाही. इथल्या राज्यघटनेप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा आहे, पण तिने ७ ऑगस्ट १९६४ ला केला तो नुसता एक ठराव. उत्तर व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाला असे सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी तो मागितला, आणि प्रतिनिधिगृहात तो ४१६ विरुद्ध शून्य, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. (त्यातला ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे सरकारच्याच कागदपत्रांतून बाहेर आले.) या ठरावापासून मार्च १९७३ पर्यंत मोजले तर साडेआठ वर्षे भरतात. पारावरचे पहिले उत्तर हे.

पण ठराव झाला तेव्हा अमेरिकेची माणसे तिथे कितीतरी आधीपासून होती. फ्रेंचांच्या मदतीसाठी ट्रुमन यांनी १९५० मध्येच एक लष्करी पथक पाठवले होते. १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच हरले, जिनिव्हात तह झाला, १७ व्या अक्षांशावर देशाचे दोन भाग झाले आणि तहावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले, म्हणजे या गोष्टीच्या आरंभी आपलेही लष्करी अधिकारी तिथे हजर होते. १ नोव्हेंबर १९५५ पासून अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामसाठी स्वतंत्र सल्लागार पथक नेमले. केनेडी सत्तेवर आले तेव्हा हे सल्लागार हजाराच्या आत होते, आणि १९६३ संपताना सुमारे १६,००० झाले होते. बाबा, हा ‘सल्लागार’ शब्द वाचून तुम्ही नक्की हसाल; हेलिकॉप्टरमधून लढाईवर जाणारा आणि प्रसंगी गोळी झाडणारा माणूस सल्ला देतो म्हणजे काय करतो, हे पलटणीत राहिलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. पुढे ८ मार्च १९६५ ला दा नांगच्या किनाऱ्यावर ३,५०० मरीन सैनिक उतरले, आणि एप्रिल १९६९ मध्ये तिथल्या अमेरिकी सैन्याचा आकडा ५,४३,००० वर गेला. १९५५ पासून सायगाव पडेपर्यंत मोजा, साडेएकोणीस वर्षे होतात. पारावरचे दुसरे उत्तर हे.

काल सकाळी मेट्रोने वॉशिंग्टनला जाऊन मी या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मारकाची ती प्रसिद्ध भिंत पाहिली. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन लांब भिंती, जमिनीत उतरत उतरत मध्यावर एका कोनात मिळणाऱ्या, आणि त्यांवर ५८,००० हून अधिक नावे, ज्या क्रमाने माणसे गेली त्या क्रमाने कोरलेली. हुद्दा कुणाचाच लिहिलेला नाही. एकवीस वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीने हा आराखडा केला आणि १९८२ मध्ये स्मारक खुले झाले. दगड आपल्या बंगळूरकडचा आहे. मी हात लावून पाहिला. थंडीने तो बर्फासारखा गार पडला होता आणि घासून इतका गुळगुळीत केलेला, की नाव वाचताना त्या नावामागे स्वतःचाच चेहरा दिसत होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एका नावावर कागद धरून पेन्सिल फिरवत होते. कागदावर अक्षरे हळूहळू पांढरी उमटत गेली, आणि त्यांनी घडी न घालता तो कागद एका पुठ्ठ्याच्या नळीत सरकवला.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुढे आहे. मधल्या कोनाच्या उजवीकडे वर १९५९ हे साल कोरले आहे, आणि नावे तिथून सुरू होऊन उजव्या टोकापर्यंत जातात. मग डाव्या टोकापासून परत मध्याकडे येतात आणि तळाशी १९७५ वर संपतात. म्हणजे भिंत केली तेव्हा युद्धाचा आरंभ १९५९ धरला होता. पुढे १९५६ मध्ये मेलेल्या एका सैनिकाच्या घरच्यांनी मागणी लावून धरली. तो शत्रूच्या नव्हे, आपल्याच एका सहकाऱ्याच्या हातून मारला गेला होता. संरक्षण खात्याने त्या अर्जावर विचार करून युद्धाचा आरंभ १ नोव्हेंबर १९५५ असा ठरवला आणि १९९९ मध्ये त्याचे नाव कोरले. एका घराच्या अर्जामुळे एका देशाचे युद्ध चार वर्षांनी लांबले! आरंभापाशी जागाच उरली नव्हती, त्यामुळे कालक्रमाने पहिले असलेले हे नाव आज दूरच्या एका फलकावर आहे. त्याचा मुलगाही १९६५ मध्ये तिथेच पडला. त्याचे नाव भिंतीवर आधीपासून होते.

पेन्शनवाल्यांचे कॅलेंडर याहून निराळे. माजी सैनिकांच्या कायद्यात ‘व्हिएतनाम काळ’ सर्वसाधारणपणे ५ ऑगस्ट १९६४ ते ७ मे १९७५ असा धरतात, आणि जे प्रत्यक्ष व्हिएतनामात होते त्यांच्यासाठी तो आधीपासून सुरू होतो. तारखेच्या एका दिवसाने माणूस हक्कदार ठरतो किंवा राहून जातो, हे बाबांनी सैनिक कल्याणच्या खिडकीवर इतरांचे अर्ज भरून देताना पुष्कळ पाहिले आहे.

अमेरिकेच्या अफगाणिस्तानातल्या युद्धाचे मोजमाप त्या मानाने सोपे आहे. ७ ऑक्टोबर २००१ ला बाँबफेक सुरू झाली, आणि ३० ऑगस्ट २०२१ ला मध्यरात्रीला एक मिनिट असताना शेवटचे विमान काबूलहून उडाले. त्याच्या चारच दिवस आधी विमानतळाच्या दाराशी १३ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यांतले काही वीस वर्षांचे होते, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा ते पाळण्यात होते. इथल्या वृत्तपत्रांनी जून २०१० मध्येच ‘अमेरिकेचे सर्वांत लांब युद्ध’ असे छापले होते, पण त्यांनी व्हिएतनामचे १०३ महिने धरले होते, म्हणजे ठरावापासूनचे. संरक्षण खात्याची तारीख धरली तर तो मान अफगाणिस्तानला एप्रिल २०२१ मध्ये मिळतो, आणि १४ एप्रिलला बायडन यांनी माघार जाहीर केली. हा हिशेब मी स्वतः बोटांवर दोनदा केला आहे. पारावर बिनधास्त सांगा.

आई, हे पुढचे खास तुझ्यासाठी. व्हिएतनामात साध्या सैनिकाची पाळी बारा महिन्यांची असे, आणि परतीची तारीख त्याला जाण्यापूर्वीच ठाऊक असे. कित्येक जण कॅलेंडर करून रोज एक चौकोन रंगवत. देशाचे युद्ध कितीही लांबो, त्याचे ३६५ दिवसांचे. ते वाचताना मला स्वयंपाकघरातले, दाराआडचे आपले कालनिर्णय आठवले. बाबा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते तेव्हा तू त्यावर रोज पेन्सिलने बारीक काट मारायचीस, असे आजी सांगायची. तुला तर परतीची तारीख कुणी दिलेली नव्हती. पुस्तकांत ती मोहीम जुलै १९८७ ते मार्च १९९० अशी बत्तीस महिन्यांची आहे. तू पहिली काट कोणत्या दिवशी मारलीस? बाबा घरातून निघाले त्या दिवशी, की तिकडून पहिले आंतर्देशीय पत्र आले त्या दिवशी? आणि ती पाने तू ट्रंकेत ठेवली आहेस का? असतील तर पुढच्या रविवारी फोनजवळ घेऊन बस.

तुमची,
वैशू