आयसीटीसीतल्या (एचआयव्हीसाठी समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या) ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचेत, कारण माझ्यासारख्या बायका पुष्कळ आहेत.

आमचे हे ट्रकवर होते. टीबीनं गेले. त्यांच्या रक्तात काय निघालं होतं ते मला कुणी सांगितलं नाही, सासरी तो विषयच निघत नसे. पुढं कितीतरी वर्षं मी धडधाकट, मेसच्या कामाला कधी खाडा नाही. मग आता खाजवून खरूज कशाला काढायची? हेच मी तुम्हाला विचारलं.

‘टेस्ट करूनच टाका’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. विषाणू अंगात असूनही माणूस आठ-दहा वर्षं ठणठणीत दिसू शकतो, एवढंच सांगितलंत. विषाणूशी संपर्क आल्यावर लागण टाळायला ७२ तासांच्या आत सुरू करायच्या गोळ्यांची वेळ माझी केव्हाच गेली होती. पण तीन महिन्यांचा विंडो पिरियडही, म्हणजे लागण होऊनही टेस्टमध्ये न दिसण्याचा काळ, गेला होता, म्हणजे जो निकाल येईल तो पक्का. उशिराचाही काही फायदा असतो म्हणायचा!

खरी भीती आजाराची नव्हतीच. मी पोळ्या लाटते. उद्या कळलं तर माझ्या हातचं कोण खाईल? तेव्हा तुम्ही २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदा समजावलात: माझ्या संमतीशिवाय टेस्ट नाही, आणि माझ्या परवानगीशिवाय निकाल सासरी किंवा मेसवाल्याला सांगता येत नाही. पहिल्या किटवर काही दिसलं तरी आणखी दोन वेगळ्या किटवर बघितल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट, रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी (सीडी४) कितीही असल्या तरी लगेच सुरू.

तरीही मी उठले होते. दारात थांबून मुलीचं विचारलं. तुम्ही म्हणालात, “तुमची निगेटिव्ह आली तर तुमच्याकडून तिला काही गेलेलं नाही. पॉझिटिव्ह आली तर तिचीही करू, आणि लागलं तर औषध तिलाही आहे.” मी परत येऊन बसले आणि सही केली.

निकाल इथं लिहीत नाही. तो माझा आहे, हेही तुमच्याकडूनच शिकले.

१०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकटचा नंबर मेसमधल्या दोघींना दिलाय. त्यातली एक सोमवारी तुमच्याकडे येईल. घाबरट आहे, पण प्रश्न फार विचारते. तिला जरा जास्त वेळ द्या.

तुमची,
पोळ्यावाली