हॉलची किल्ली आणि सोंगट्यांचा डबा : मामांना जाहीर आभारपत्र

मुंबई, ३० मे २०२३

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, जाताना पंखे बंद करा" म्हणून विषय संपवता. शनिवारी रात्री लंडनच्या वेम्बली मैदानावर फायनलमध्ये ल्यूटन टाउन या आपल्या फुटबॉल क्लबने कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर ६-५ असं हरवलं आणि ३१ वर्षांनी इंग्लंडच्या सगळ्यांत वरच्या विभागात जागा मिळवली. हॉलमध्ये ओरडायचं नाही या तुमच्या नियमाप्रमाणे कोणी ओरडलं नाही. ते ओरडणं अजून छातीत तसंच अडकून आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

आधी ज्यांनी हात वर केले त्यांचाही हिशोब मांडू द्या. सेमीफायनल दोन लढतींची, त्यातली पहिली १३ मे रोजी आपल्या घड्याळात रात्री दहाला होती. एका बारवाल्याने टेबलाचे पैसे आधी घेतले आणि दहा वाजता सांगितलं की आयपीएल बंद होणार नाही, "दुसऱ्या डिव्हिजनची मॅच कोण बघतं?" पैसे परत मागितल्यावर तो ते खाण्यात वळते करून घ्या म्हणाला. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी हॉलसाठी दोन प्रतींत अर्ज मागितला आणि विचारलं, "कार्यक्रम धार्मिक की सांस्कृतिक?" दोघांनीही पुढचा प्रश्न तोच विचारला : त्या गावाशी तुमचा संबंध काय?

तुम्ही तो प्रश्न एकदाही विचारला नाहीत. परतीची लढत १६ मेची, म्हणजे इकडे मध्यरात्र उलटून साडेबाराची. बार दीडला बंद होतात, मग उत्तरार्ध बघायचा कुठे? तुम्ही मंडळाच्या हॉलची किल्ली काढून दिलीत आणि म्हणालात, "खालच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत. बाकी बघा काय ते."

हा क्लब कोण, हे नंतर तुम्हीच हळूहळू काढून घेतलंत. लंडनच्या उत्तरेचं सव्वादोन लाख वस्तीचं गाव, १८८५ सालचा क्लब, १९०५ पासून मैदान एकच, केनिलवर्थ रोड. २०२३ च्या या हंगामात त्यात जेमतेम १० हजार माणसं मावायची. ओक रोडच्या बाजूला प्रेक्षकांची वाट राहत्या घरांच्या खालून जाते आणि जिना चढताना लोकांच्या परसात वाळत घातलेले कपडे दिसतात. तो फोटो बघून तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपल्या चाळीतल्या बोळासारखंच." २००८-०९ चा हंगाम या क्लबने उणे ३० गुणांवरून सुरू केला : १० गुण खेळाडूंच्या एजंटांना दिलेल्या पैशांच्या गैरव्यवहारापायी कापलेले, २० दिवाळखोरीतून नियमाबाहेर वर आल्याबद्दल. खेळाडूंचा यात काडीचा हात नव्हता. क्लब वरच्या चार विभागांच्या लीगमधूनच बाहेर फेकला गेला आणि पाचव्या पायरीवर पाच हंगाम अडकला. २०११ मध्ये वर यायची संधी पेनल्टीवर गेली, २०१२ मध्ये पुन्हा फायनल हरले. मग २०१४, २०१८, २०१९ आणि आता २०२३ मध्ये एकेक पायरी वर. पेली रुडॉक म्पांझू हा एक गडी पाचव्या पायरीपासून २०२३ च्या या विजयापर्यंत याच क्लबात होता. हे ऐकल्यावर तुमचं एकच वाक्य : "भानगड मालकांची आणि शिक्षा पोरांना." गिरणगावात हयात काढलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

हॉलचं म्हणाल तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप आमचा, बाकी अक्कल तुमची. पिवळट डिस्टेंपरच्या भिंतीवर गवताचा रंग मातकट दिसत होता. तुम्ही माळ्यावरून गेल्या गणपतीचा फ्लेक्स काढून उलटा टांगलात. मागची बाजू पांढरी आणि बिनचमकेची, त्यामुळे दिव्याची तिरीप उठत नाही. आठ फूट रुंद चित्राला साडेचार फूट उंची पुरते. वर-खाली बांबू, कडांच्या भोकांतून सुतळी. मे महिन्यात पंखे बंद ठेवणं शक्य नाही, आणि पंख्याच्या वाऱ्याने फ्लेक्स हलला की सगळं मैदान लाटांवर डोलायला लागतं. खालच्या बांबूला दोन्ही टोकांना विटा बांधल्यात तेव्हा ते थांबलं.

आवाजाचं तर आम्ही सोडूनच दिलं होतं. मंडळाच्या अँप्लिफायरला लॅपटॉप जोडला की "घूंऽऽ" असा आवाज सुरू. चार्जर काढला की बंद, पण दोन तास बॅटरी टिकणार नाही. इतक्या वर्षांच्या आरत्यांचा अनुभव तुमचा : दोन्ही वस्तू वेगवेगळ्या बोर्डांवर असल्या की अर्थिंगमधून ही गुणगुण शिरते, दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या. घेतल्या, थांबली. ब्लूटूथचा स्पीकर मात्र तुम्ही नाही, आम्हीच बाद केला. त्यात आवाज मागे पडतो, चेंडू जाळ्यात गेल्यावर किक ऐकू येते. इंटरनेटसाठी वाय-फायवर न विसंबता मंडळाच्या ऑफिसमधून खिडकीवाटे लॅनची वायर वर ओढली, कारण पत्र्याच्या छताखाली मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. चित्राची प्रत 'ऑटो'वर न ठेवता ७२० वर बांधून टाकली. 'ऑटो' ठेवलं की नेट जरा अडखळल्यावर चित्र धूसर होतं आणि नेमका कॉर्नरच्या वेळी चेंडू हरवतो. परगावच्या क्लबांचे सामने असे जमून बघणाऱ्यांनी एवढं जरी केलं तरी निम्मा त्रास वाचेल.

पण मामा, हे पत्र फ्लेक्ससाठी नाही, सोंगट्यांच्या डब्यासाठी आहे.

इंटरनेटवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट तरी मागे असतं. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून येतं आणि अडखळू नये म्हणून दोन-तीन तुकडे जमवूनच दाखवलं जातं. स्कोअर सांगणारी अ‍ॅप मात्र मैदानावरून थेट कळवतात. म्हणजे पडद्यावर कॉर्नर घ्यायची तयारी चाललेली असते आणि खिशातला फोन थरथरून गोल झाल्याचं सांगून मोकळा होतो. सेमीफायनलला तेच झालं. मागच्या बाजूला कोणीतरी दचकला, पुढच्यांनी वळून बघितलं, आणि आपल्या टॉम लॉकियरचा गोल चेंडू हवेत असतानाच सगळ्यांना ठाऊक झाला. "फोन सायलेंट ठेवा" असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, पण सायलेंट फोनही लोक काढून बघतातच.

तुम्हाला फुटबॉल फारसा कळत नाही, हे तुमचंच म्हणणं. दाराशी खुर्ची टाकून बसला होतात आणि पडद्यापेक्षा माणसांकडे बघत होतात. शनिवारी सामना सव्वानऊचा. दारात तुम्ही कॅरमच्या सोंगट्यांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन उभे. सोंगट्या रुमालात बांधून बाजूला ठेवलेल्या. प्रत्येकाचा फोन घ्यायचा, रबरबँडखाली नावाची चिठ्ठी अडकवायची आणि डब्यात उभा लावायचा. एकाने कुरकुर केली, घरून फोन आला तर? "मी उचलतो," तुम्ही म्हणालात. आणि खरंच उचललेत. रात्री अकरानंतर बाहेरच्या कठड्यापाशी तुम्ही कोणाच्या आईला, कोणाच्या बायकोला सांगत होतात : "हो, इथेच आहे. जेवलाय. खेळ लांबलाय. लोकल चुकली तर इथेच झोपेल, सतरंज्या आहेत." ज्या घरात खरंच आजारपण होतं, त्या एकाचा फोन तुम्ही डब्यात न टाकता स्वतःच्या खिशात ठेवला होतात. हे त्याने आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुम्ही अजूनही नाही.

या डब्याचं मोल पेनल्टीच्या वेळी कळलं. दोन किकांच्या मधे जेवढा वेळ जातो, तेवढंच प्रक्षेपण मागे. फोन हातात असते तर प्रत्येक किकचा निकाल खेळाडू धावायच्या आधीच फुटला असता. २३व्या मिनिटाला आपल्या जॉर्डन क्लार्कचा गोल, ६६व्याला कॉव्हेंट्रीच्या हामरची बरोबरी, ११६व्याला आपल्या जो टेलरने मारलेला आणि हाताला लागला म्हणून रद्द झालेला गोल (तेव्हा अख्खा हॉल उठला आणि तसाच गपकन खाली बसला), हे सगळं आम्हाला जसंच्या तसं मिळालं. मग बारा किका. आपली सहावी डॅन पॉट्सने घातली. कॉव्हेंट्रीच्या फँकाटी डाबोने पाय मागे नेला, आणि ती वरून गेली हे आमच्यापैकी एकालाही आधी ठाऊक नव्हतं. रात्री बारानंतर खालच्यांची झोप मोडू नये म्हणून सगळ्यांनी फक्त हात वर केले. काहींनी तोंडात रुमाल कोंबला होता.

त्या गडबडीत तुम्ही विचारलंत ते दोनच माणसांबद्दल. सुरुवातीलाच मैदानात कोसळलेला लॉकियर कसा आहे? तो शुद्धीवर आहे, हॉस्पिटलात घरच्यांशी बोलतोय, हे ऐकून तुम्ही मान हलवलीत. मग पडद्यावर डाबो तोंड झाकून बसलेला दिसला तेव्हा म्हणालात, "याच्यासोबत कोणी आहे की नाही?" आपली टीम जिंकल्यावर समोरच्याचा असा विचार करणारी माणसं मुंबईत आहेत. पण ती हॉल भाड्याने देण्याच्या धंद्यात नाहीत, एवढाच आमचा बारवाल्यांना आणि सेक्रेटरींना निरोप. भाडं तुम्ही घेतलंच नाहीत. विजेच्या बिलाचे म्हणून दिलेले पैसे देणगीच्या पावतीपुस्तकात चढवलेत आणि पावती आमच्या हातात ठेवलीत.

आता थोडं पुढचं. नवा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होईल. शनिवारचे तीनचे सामने इकडे संध्याकाळी साडेसातला, आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठला. म्हणजे लोकल चुकायची भीती नाही आणि फोनही तुम्हाला उचलावे लागणार नाहीत. लॅनची वायर खिडकीतून काढू नका, पावसाळ्यापूर्वी आम्ही तिथे पाइप घालून भोक बुजवतो. उलटा फ्लेक्स बांबूला गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, घडी घातली की रेघा पडतात. सप्टेंबरात गणपतीसाठी हॉल लागेल. त्या आठवड्यांत सामने राहू देत, आम्ही मांडवाच्या कामाला येतो. अँप्लिफायरचा एक स्पीकर खरखरतोय, तो त्याआधी लॅमिंग्टन रोडला दाखवून आणू. आणि रुमालातल्या सोंगट्यांत एक काळी कमी भरतेय असं तुम्ही म्हणालात, ती प्रोजेक्टरच्या पिशवीत सापडली आहे. रविवारी घेऊन येतो.

आपले,
वरच्या हॉलमधले ल्यूटनवाले